उल्हास खोऱ्याला ठाऊक असलेला धागा आणि व्हायोलिनची तार

व्हायोलिनविषयी आपल्याकडे लिहिले जाते तेव्हा वादकाचे घराणे सांगितले जाते, गुरुपरंपरा सांगितली जाते, फार तर इटलीतल्या क्रेमोनाच्या कारागिरांच्या लाकडाची आणि वार्निशची चर्चा होते. तारेकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक सोळाव्या शतकात आंद्रेआ आमातीने क्रेमोनात घडवलेल्या व्हायोलिनची ठेवण आजच्या कारागिराला सहज ओळखू येईल. तार दाखवली तर आमाती बुचकळ्यात पडेल. मेंढीच्या आतड्याची तात, मग धातू गुंडाळलेली तात, मग पोलाद, मग रसायनशाळेतला कृत्रिम धागा असा तिचा प्रवास झाला आहे, आणि प्रत्येक टप्प्यावर वाद्याचा आवाज बदलला, वादकाचा हात बदलला.

हा इतिहास उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या पट्ट्यातून पाहण्यासारखा आहे. या पट्ट्याने धागा ओढला, आम्ल बनवले, धातूचे काम केले. शेजारच्या डोंबिवलीत पं. गजाननबुवा जोशी उत्तरायुष्यात राहिले. ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर या तिन्ही घराण्यांची तालीम मिळालेले हे गवई व्हायोलिनवादक म्हणूनही तेवढेच मोठे होते, आणि १९७२ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. धाग्याचा कारखाना आणि गायकी अंगाचे व्हायोलिन एकाच लोकल गाडीच्या मार्गावर नांदले, पण त्यांची गाठ कधी पडली नाही. ती पडायला हवी होती, आणि अजूनही पडू शकते, असे माझे ठाम मत आहे.

आधी तात. मेंढीचे आतडे ताजे असतानाच धुवायचे, खरवडून स्नायूंचा चिवट थर तेवढा ठेवायचा, क्षाराच्या पाण्यात मुरवायचे, लांब पट्ट्या काढायच्या आणि ओल्या असतानाच दोर वळतात तशा पिळून ताणावर वाळवायच्या. मग घासून गुळगुळीत करायचे. बारीक तारेला थोड्या पट्ट्या, जाड तारेला जास्त. इटलीत रोम आणि नेपल्स या कामासाठी नावाजलेले होते. आपल्याकडेही तात अनोळखी नव्हती. कापूस पिंजणाऱ्याच्या धनुकलीला तात असे, आणि सारंगीच्या तीन मुख्य तारा आजही आतड्याच्याच असतात. खाली तरफेच्या पस्तीसएक धातूच्या तारा आणि वर तीन ताती, यांच्या मेळातून सारंगीचा तो गळ्याजवळचा आवाज निघतो. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला तेव्हा वाद्यांसाठी एक पूर्ण अध्याय दिला. तंतुवाद्याचा शास्त्रीय विचार या मातीला नवा नाही.

तातीचा आवाज उबदार असतो आणि गजाला ती लगेच उत्तर देते. पण तिला दोन जुनी दुखणी आहेत. पहिले म्हणजे हवेतला ओलावा तिला सोसत नाही. ती पाणी पिते, फुगते, स्वर सोडते. युरोपातल्या कोरड्या हिवाळ्यातही वादकांची तक्रार असे. बदलापूरच्या आषाढात काय होईल, हे उल्हास नदीकाठच्या माणसाला वेगळे सांगायला नको. दुसरे दुखणे जाडीचे.

ते समजायला थोडे गणित लागते, आणि ते इथे टाळता येणार नाही, कारण पुढचा सगळा मुद्दा त्यावर उभा आहे. १६३६ मध्ये फ्रान्समधल्या मारँ मेर्सेन या पाद्र्याने तारेचे नियम छापले. तार लांब केली की स्वर उतरतो, ताण वाढवला की चढतो, आणि दर सेंटिमीटरला वजन वाढवले की पुन्हा उतरतो. व्हायोलिनवर घोडीपासून वरच्या टेकणापर्यंत तारेची लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर असते आणि चारही तारांना ती सारखीच. ताणही फार कमी-जास्त करता येत नाही. मग खर्जाचा स्वर काढायला वजन वाढवणे एवढाच मार्ग उरतो. नुसत्या तातीने हे साधायचे तर सगळ्यात खालच्या तारेची जाडी दीड मिलिमीटरच्या वर न्यावी लागते. एवढी जाड तार गजाखाली नीट हलत नाही. ती ताठर होते, तिचे वरचे अंशस्वर चढे लागतात आणि आवाज बोथट होतो.

यावरचा तोडगा सतराव्या शतकात निघाला. १६६४ मध्ये लंडनचे संगीत-प्रकाशक जॉन प्लेफोर्ड यांनी धातूची बारीक तार गुंडाळलेल्या तातीची जाहिरात छापली. गाभा बारीक आणि लवचिक ठेवायचा, आणि वजन बाहेरून चांदीच्या किंवा तांब्याच्या गुंडाळीने द्यायचे. तार बारीक राहते, वाकते आणि तरीही जड असते. आजची प्रत्येक गुंडाळलेली तार, मग ती व्हिएन्नात बनलेली असो वा न्यूयॉर्कमध्ये, याच कल्पनेवर चालते. तारेच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी उडी आहे असे मी मानतो. त्यानंतर जे झाले ते गाभा आणि वेष्टण यांचे साहित्य बदलण्याचे काम होते.

वरच्या तारेची अडचण वेगळी होती. सगळ्यात उंच स्वराच्या तारेवर जवळपास आठ किलो वजनाइतका ताण असतो. साधारण ०.६५ मिलिमीटर जाडीची तात एवढा ताण सोसताना तुटण्याच्या उंबरठ्यावर असते, आणि भर मैफलीत ती तुटत असे. तेवढ्याच वजनाची पोलादी तार ०.२६ मिलिमीटर जाडीत बसते आणि सहसा तुटत नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत, विशेषतः पहिल्या महायुद्धात आतड्याचा तुटवडा पडला तेव्हा, पोलादी तार रुळली. मोठ्या वादकांनी नाके मुरडली, पण पिढी बदलली तशी कुरकूर थांबली. याशा हायफेट्झ यांनी मात्र मधल्या दोन तारा आयुष्यभर नुसत्या तातीच्याच ठेवल्या, फक्त वरची तार पोलादी घेतली. हा निव्वळ हट्ट नव्हता. गजाच्या पहिल्या स्पर्शाला तात जे उत्तर देते ते त्यांना हवे होते.

तातीचा दुसरा मोठा गिऱ्हाईक शल्यचिकित्सक होता. जखम शिवायला तीच आतड्याची दोरी लागे. दुसऱ्या महायुद्धात ती वाद्यांपेक्षा इस्पितळांना हवी होती, आणि वाद्यकारांना दुसरा धागा शोधणे भाग पडले. तो सापडला तो मोज्यांच्या आणि पॅराशूटच्या कारखान्यात. ड्यूपाँ कंपनीत वॉलेस कॅरदर्स यांनी १९३५ मध्ये नायलॉन बनवले होते. जर्मनीत पॉल श्लाक यांनी १९३८ मध्ये त्याचाच दुसरा प्रकार, पेरलॉन, शोधला. चाळीसच्या दशकात न्यूयॉर्कचे आल्बर्ट ऑगस्टिन आणि गिटारवादक आंद्रेस सेगोविया यांनी मिळून गिटारला नायलॉनची तार दिली. व्हायोलिनला मात्र आणखी पंचवीसएक वर्षे थांबावे लागले. नायलॉनचा एकसंध जाड दोरा गजाखाली समाधानकारक बोलेना. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या व्हिएन्नाच्या थोमास्टिक कंपनीने १९७० मध्ये ‘डॉमिनंट’ नावाची तार बाजारात आणली. तिचा गाभा पेरलॉनच्या अनेक बारीक तंतूंचा पीळ होता, आणि त्यावर अॅल्युमिनियम किंवा चांदीचे वेष्टण. आवाज तातीच्या जवळचा, स्वर मात्र ओलाव्याने फारसा न ढळणारा. त्या वर्षी गजाननबुवा ५९ वर्षांचे होते. त्यांच्या जन्माच्या सुमारास तात हीच सर्वमान्य तार होती. एका वादकाच्या हयातीत तारेचे तीन जन्म झाले.

आता आपल्या पट्ट्याकडे वळू. ज्या दशकांत युरोपातले कारागीर कृत्रिम धाग्याशी झुंजत होते, त्याच दशकांत कल्याणच्या आसपास कृत्रिम धाग्याचे मोठे केंद्र उभे राहत होते. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधमधून आलेली कुटुंबे राहिली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगर शहराची कोनशिला बसली. शहाडला सेंच्युरी रेयॉनचा कारखाना पन्नासच्या दशकात सुरू झाला. नदीपलीकडे मोहन्याला नॅशनल रेयॉन होती, जी आता बंद पडली आहे. अंबरनाथला धरमसी मोरारजी केमिकल कंपनीचा गंधकाम्लाचा आणि खताचा कारखाना त्याआधीपासून होता, आणि सरकारी आयुध निर्माणीत पितळ आणि अॅल्युमिनियम या धातूंवर काम होत आले आहे.

रेयॉन कसे बनते ते पाहा. लाकडाचा लगदा कॉस्टिक सोड्यात आणि कार्बन डायसल्फाइडमध्ये विरघळवून मधासारखा द्रव करतात, तो अतिसूक्ष्म छिद्रांतून गंधकाम्लाच्या कुंडात सोडतात आणि तिथे त्याचे तंतू होतात. ते तंतू ओढून, पिळून, वाळवून धागा होतो. रेयॉन व्हायोलिनच्या तारेच्या कामाचे नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. ओले झाले की त्याची ताकद निम्म्याच्या आसपास उतरते. पण टायरसाठी लागणारा मजबूत रेयॉनचा धागा याच पट्ट्यात बनला, आणि टायरचा धागा बनवणाऱ्याला जे जमावे लागते तेच तारेचा गाभा बनवणाऱ्याला जमावे लागते. धागा सतत ताणाखाली राहूनही लांबत जाऊ नये, शेकडो तंतू एकसारखे पिळले जावेत, कुठेही गाठ किंवा जाडीत फरक नसावा. नवी पेरलॉनची तार चढवल्यावर दोन-चार दिवस उतरत राहते ती याच हळूहळू लांबण्यामुळे. हे लांबणे आवरण्याची विद्या शहाड-मोहन्याच्या कामगारांच्या आणि रसायनतज्ज्ञांच्या हातात होती. तिचा संगीताशी संबंध आहे हे त्यांना कोणी सांगितले नाही.

सांगणार तरी कोण? आपण व्हायोलिन घेतले ते मुळात वाजवणाऱ्याच्या बाजूने. गोव्यातल्या चर्चच्या शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना व्हायोलिन शिकवले आणि त्यातून मुंबईच्या वाद्यवृंदांना आणि चित्रपटांच्या स्टुडिओंना वादक मिळाले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यातले ठळक नाव, ज्यांच्याकडे संगीतकार प्यारेलाल शिकले. १९३५ मध्ये मेहली मेहता यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. शास्त्रीय संगीतात वाईला जन्मलेले पं. व्ही. जी. जोग, कुरुंदवाडचे पं. डी. के. दातार आणि गोव्याचे श्रीधर पार्सेकर यांनी या परक्या वाद्याला ख्याल गायला लावले. भावगीतांत प्रभाकर जोगांचे ‘गाणारे व्हायोलिन’ घराघरांत पोचले. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांत व्हायोलिन आहे, आणि अंबरनाथ-बदलापूरची मुले त्या परीक्षांना बसतात. वाद्य धरण्याची पद्धत आपण बदलली. मांडी घालून बसलो, वाद्याचे डोके पायावर टेकवले. तारा लावण्याची रीत बदलली. तार मात्र युरोपच्या हिशेबाने बनलेलीच राहिली.

या शेवटच्या वाक्यात खरी अडचण आहे, म्हणून ती आकड्यांनी मांडतो. पाश्चात्त्य व्हायोलिनच्या चार तारा खालून वर सेकंदाला सुमारे १९६, २९४, ४४० आणि ६५९ कंपनांवर लावतात. तारेचा कारखाना गाभ्याची जाडी, वेष्टणाचे वजन, सगळे या आकड्यांसाठी ठरवतो. आपला वादक षड्ज-पंचमाच्या जोडीने तारा लावतो. पट्टी पांढरी एक धरली आणि खालून मंद्र पंचम, षड्ज, पंचम, तार षड्ज असे लावले, तर आकडे होतात सुमारे १९६, २६२, ३९२ आणि ५२३. पहिली तार तशीच राहिली. मधल्या दोन तारा प्रत्येकी दोन अर्धस्वर उतरल्या आणि वरची चार. ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, त्यामुळे मधल्या तारांचा ताण सुमारे २१ टक्के कमी झाला आणि वरच्या तारेचा ३७ टक्के. आठ किलोसाठी बनवलेली पोलादी तार पाच किलोवर वाजते आहे. खाली मंद्र पंचम पूर्ण ताणावर, वर तार षड्ज सैल. वरच्या तारेचा आवाज कधी पातळ, कधी किरकिरा येतो, जरा जोर दिला की गज घसरतो, आणि शिक्षक मुलाच्या हाताला दोष देतात. कित्येकदा हात चांगला असतो.

हलक्या, मध्यम आणि भारी वजनाच्या तारा बाजारात मिळतात, पण भारी तारही थोडीच जड असते. एवढा फरक भरून काढण्यासाठी ती बनवलेलीच नाही. वरच्या तारेला पांढरी एकच्या तार षड्जावर मूळचा ताण द्यायचा असेल तर पोलादाची जाडी ०.२६ ऐवजी सुमारे ०.३३ मिलिमीटर लागेल. तिथे तार ताठर होऊ लागते, म्हणून कदाचित गाभा बारीक ठेवून वरून अॅल्युमिनियमची चपटी पट्टी गुंडाळणे बरे पडेल. आणि मूळचा ताण पूर्ण हवाच असेही नाही. मींड घेताना बोट तारेवरून लांब घसरते. थोडी सैल आणि गुळगुळीत तार तिथे मदत करते. किती ताण हवा हे गायकी अंगाने वाजवणाऱ्यांनी ठरवायचे. आज ते ठरवण्याची संधीच त्यांना नाही. व्हिएन्नाने जे ठरवले त्यातून निवडायचे, एवढेच त्यांच्या हाती आहे.

ही मागणी अवाजवी नाही, कारण महाराष्ट्रातच तिचे उदाहरण आहे. मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सतार आणि तंबोरा घडवला जातो, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. तिथला कारागीर पुरुषांच्या पट्टीच्या तंबोऱ्याला एका जाडीच्या तारा चढवतो आणि बायकांच्या पट्टीच्या तंबोऱ्याला दुसऱ्या. गवई कोणत्या पट्टीत गाणार हे विचारूनच तार निवडली जाते. व्हायोलिनच्या बाबतीत हा साधा विचार आपण शंभर वर्षांत केला नाही.

दुसरा मुद्दा हवेचा. आपल्या वादकाच्या बोटांना वर्षातले आठ महिने घाम असतो, आणि अॅल्युमिनियमची गुंडाळी घामाने खाल्ली जाते. बोटाखालच्या जागी ती खरखरीत होते आणि मग तुटते. चांदी हवेतल्या गंधकाच्या संयुगांनी काळवंडते. उघड्या पोलादावर पावसाळ्यात गंज चढतो. युरोपातल्या वादकाची जी तार सहा महिने टिकेल ती इथे तेवढी टिकत नाही, आणि चांगल्या तारांचा संच काही हजार रुपयांना पडतो. बदलापूरहून रोज मुंबईला नोकरीला जाणाऱ्या आईबापांना तो वर्षातून दोनदा घेणे जड जाते. मग मुलाच्या वाद्यावर वर्षानुवर्षे त्याच मेलेल्या तारा राहतात. मेलेल्या तारेवर कान तयार होत नाही. मला या सगळ्यात सर्वांत जास्त खटकते ते हेच. विद्यार्थी मधूनच क्लास सोडतो, आणि त्याला ‘कान नाही’ असा शेरा मिळालेला असतो.

बाजार लहान आहे, म्हणून कारखानदार पैसे घालणार नाही, असा आक्षेप येईल. तो निम्मा खरा आहे. पण व्हायोलिन फक्त आपण वाजवत नाही. कर्नाटक संगीतात ते दोनशे वर्षांपासून मुख्य साथीचे वाद्य आहे आणि तिथेही तारा षड्ज-पंचमालाच लावतात. महाराष्ट्रापासून तामिळनाडूपर्यंतचे सगळे वादक धरले तर ही मागणी लहान राहत नाही. शिवाय तारेला अजस्र यंत्रसामग्री लागत नाही. गाभ्याचा धागा, धातूची बारीक चपटी पट्टी, दोन्ही टोके एकाच वेगाने फिरवणारे गुंडाळीचे यंत्र आणि ताण मोजण्याचे साधन यांवर काम सुरू होते. अंबरनाथ आणि बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींतल्या लहान कार्यशाळा याहून अवघड कामे करतात. उल्हासनगरच्या कारागिरांनी तर रिकाम्या हातांनी आलेल्या माणसांचे शहर लहान उद्योगांवर उभे करून दाखवले आहे.

म्हणून माझी विनंती तीन ठिकाणी आहे. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत आणि व्हीजेटीआयमध्ये तंतूंचा आणि वस्त्रोद्योगाचा अभ्यास होतो. तिथल्या एखाद्या विद्यार्थ्याने भारतीय जुळणीच्या व्हायोलिन तारेचा गाभा हा प्रकल्पाचा विषय घ्यावा. अंबरनाथ-बदलापूरच्या कारखानदारांनी गुंडाळीचे एक यंत्र बसवून पाहावे आणि पहिल्या शंभर तारा मोफत वादकांना द्याव्यात. आणि व्हायोलिन शिकवणाऱ्यांनी एक वही ठेवावी: कोणती तार, कोणत्या पट्टीत, किती दिवस टिकली, कुठे तुटली. या वहीशिवाय पहिल्या दोघांचे काम अंधारात होईल. आपल्या मुलाच्या व्हायोलिनवर कोणती तार आहे आणि ती कधी बदलली, हे वाचकांनीही आज घरी पाहावे. वरची तार गंजलेली किंवा काळी दिसली तर या आठवड्यातच बदलून द्यावी.